दोन लहान मुलं, रत्नागिरीहून पहिलाच परदेश प्रवास: सिंगापूर की दुबई?

रत्नागिरीची_आई:
दिवाळी झाली की ११ ते १७ नोव्हेंबर बाहेर जायचं ठरतंय. मोठी ५ वर्षांची, धाकट्याला १५ नोव्हेंबरला २ पूर्ण होतील. सासूबाईही सोबत आहेत. मुलांचे पासपोर्ट काढायचे आहेत. सिंगापूर की दुबई, आणि धाकट्याचं तिकीट, खाणं, मुंबईपर्यंतचा प्रवास कसा जमवायचा?

खाडीकाठ:
ताई, देश नंतर ठरवा, आधी दोन्ही जन्मदाखले काढून बघा. नोंद बारशाआधी झालेली असली की नावाचा रकाना कोरा राहतो. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालून मिळतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे धाकट्याचं काम इथेच अडू शकतं.

दाखल्यावर तुमचं आणि यजमानांचं नाव तुमच्या पासपोर्टांशी अक्षरशः जुळतंय का तेही पाहा. पासपोर्टचं शुल्क १००० रुपये, ८ वर्षांखालच्यांना त्यात १० टक्के सूट. दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’ (मुलाच्या पासपोर्टसाठी आईवडिलांचं घोषणापत्र) आणि तुमचे मूळ पासपोर्ट न्या. ४ वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा ४.५ × ३.५ सेंमी फोटोही घरूनच न्यावा लागतो. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईच्या पर्यटक व्हिसाला अडचण येते. मोठ्यांच्या पासपोर्टची मुदतही परतल्यावर सहा महिने तरी उरलेली हवी.

मचवा_७:
धाकट्याच्या तिकिटात एक खोच आहे. २ वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय विमानात त्याचं भाडं मोठ्यांच्या साधारण १० टक्के पडतं. पण वय त्या त्या प्रवासाच्या दिवशीचं धरतात. ११ तारखेला तो मांडीवर चालेल, १७ ला त्याला स्वतंत्र सीट लागेल. वेबसाइटवर दोन्ही बाजूंना ‘इन्फंट’ निवडलंत तर परतीला काउंटरवर त्या दिवसाच्या दराने तिकीट काढायची पाळी येते. बुकिंग फोनवरून करा आणि परतीची सीट लेखी पक्की करून घ्या. विमानातल्या बाळाच्या पाळण्याच्या मागे लागू नका, त्याची वजनमर्यादा बहुतेक ठिकाणी १०-११ किलोच असते.

देशाबद्दल माझं मत दुबई. मुंबईहून जेमतेम तीन तास, नोव्हेंबरात हवा सुखाची. सिंगापूरला साडेपाच तास लागतात आणि त्या दिवसांत दुपारी पाऊस झोडपतो. झोपेचंही बघा: दुबईचं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे घरी ७ ला उठणारं मूल तिथे साडेपाचलाच टक्क जागं. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी १२ ला खोलीवर या. सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे मुलं मध्यरात्रीपर्यंत झोपत नाहीत आणि सकाळ हातची जाते.

विमान उतरायला लागतं तेव्हा, म्हणजे शेवटचा अर्धा तास, धाकट्याला झोपू देऊ नका. घोट घोट पाणी किंवा दूध देत राहा. गिळलं की कानातला दाब मोकळा होतो.

नाचणी_पेज:
फराळाचा डबा भरताना सांभाळा. खसखस यूएईत (म्हणजे दुबईतही) आणि सिंगापुरातही बंदी असलेली वस्तू आहे. अनारशाच्या पाठीला लागलेली, करंजीच्या सारणातली, डिंकाच्या लाडवातली, सगळी त्यात आली. सासूबाईंना आधीच सांगा, म्हणजे नेण्याचा घाणा खसखशीशिवाय होईल. सुक्या खोबऱ्याची वाटी तर भारतातल्या विमानतळावरच अडते. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन बॅगेतही चालत नाही.

धाकट्यासाठी नाचणीचं सत्त्व आणि भाजलेल्या तांदळाची कणी न्या, खोलीतल्या किटलीच्या पाण्यात पेज होते. साध्या पिशवीत बांधलेल्या भुकटीवर प्रश्न विचारतात, त्यामुळे छापील लेबलचं पाकीट घ्या. बाळाचं दूध आणि खाणं हातातल्या बॅगेतल्या द्रवांच्या १०० मिलीच्या नियमातून वगळलेलं असतं, प्रवासापुरतं जवळ ठेवा. लोणचं मात्र चेक-इनमध्येच. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊच नका.

रत्नागिरीची_आई:
मनापासून आभार. दुबईच करू. आणि मुंबईपर्यंत?

खाडीकाठ:
तिथेच खरी कसोटी आहे. दिवाळीनंतर चाकरमानी परततात, गाड्या भरून जातात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढायला बसा. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी ९ तारखेची घ्या, १० ला ठाण्यात उतरा आणि दिवसभर मुलांना झोपू द्या. १० च्या रात्री निघून ११ चं विमान गाठायचा बेत नको, गाडी तीन तास रखडली तरी सगळंच हुकतं. मोठीला ५ पूर्ण झाल्यामुळे बर्थ घेतलात तर पूर्ण तिकीट लागेल. घ्याच.

मचवा_७:
पॅकेज घेतलंत तर त्यावर टूर कंपनीने घेतलेला टीसीएस (आधीच वसूल होणारा कर) आयकर रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. पावती आणि पॅन यजमानांच्या नावे असतील तर रिटर्नही त्यांचंच भरा.