गर्टिनच्या चित्रात पवनचक्की एकच नाही
इंग्लिश चित्रकार थॉमस गर्टिनच्या ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ (१८००) या लंडनमधल्या थेम्स नदीच्या जलरंगचित्रात डावीकडे एकच पवनचक्की आहे आणि शेजारचा बुरूज चर्चचा असावा, असं कुणालाही वाटेल. पहिली चक्की बरोबर, पण तो बिनपात्यांचा उंच बुरूजसुद्धा पवनचक्कीच आहे! लंडनच्या बॅटरसी भागातली ही ‘आडवी’ चक्की १७८८ मध्ये उभी राहिली. पाती बुरुजाच्या आत, उभ्या आसाभोवती फिरायची आणि भिंतीतल्या झडपांमधून वारा आत घेतला जायचा. त्यामुळे वारा कुठूनही आला तरी चक्कीचं तोंड फिरवायची गरजच नव्हती. आधी तिथे जवसाचं तेल निघायचं, नंतर दारूभट्टीसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळलं जायचं. चर्च चित्रात आहेच, पण उजवीकडे.

आणि ते पांढरं घर जरूर मोठं करून बघा. तिथे पांढरा रंग लावलेला नाही, कागदच कोरा ठेवलाय. पारदर्शक जलरंगात अशी जागा पहिल्या वॉशपासून (रंगाच्या पातळ थरापासून) जपावी लागते, मागाहून तो उजेड तसाच परत आणणं कठीण असतं. एवढ्या मोठ्या संध्याकाळच्या आकाशात आणि थेम्सच्या पाण्यात तेवढाच एक तुकडा झळकतो. पंचविशीतल्या पोराचा हा संयम मला थक्क करतो. दोनच वर्षांत, १८०२ मध्ये, गर्टिन गेला.