मदत हवी आहे: गल्लीतला त्रास थांबवायचाय, पैसे कुठून उभे करायचे? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमची वस्ती सोलापूरच्या पूर्व भागात. नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. निम्म्या घरात विडी वळतात, बाकीचे यंत्रमागावर नाहीतर शिलाईला.

गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेला कारखाना आहे. अंधार पडला की त्याच्या कट्ट्यावर दहा-पंधरा पोरं बसतात. दारू, पत्ते, क्लासहून येणाऱ्या पोरींना टोमणे. कुणाचा वाढदिवस असला की रात्री बाराला गाड्या आडव्या लावून तलवारीनं केक कापतात. शेजारचे काका बोलायला गेले, तर सकाळी त्यांच्या गाडीचं सीट फाटलेलं. ११२ ला फोन केला की गाडी येते, पोरं पांगतात, गाडी गेली की परत कट्ट्यावर. तक्रारीत नाव घालायला मात्र कुणी तयार नाही.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलंय की आपणच काहीतरी करायचं. चार कॅमेरे, दोन खांबांवर दिवे आणि समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका. कॅमेऱ्यांचंच कोटेशन लाखाच्या पुढं गेलं. विडीच्या मजुरीतून घरटी किती मागणार? मंडळाकडे गणपतीची वर्गणी असते, पण कट्ट्यावरची निम्मी पोरं त्याच मंडळाची. एक भावी नगरसेवक सगळा खर्च उचलायला तयार आहेत. अट एकच, त्यांचा फोटो असलेला फलक लागला पाहिजे. आणि कट्ट्यावरचे दोघे-तिघे त्यांच्याच मिरवणुकीत पुढे नाचतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो.

सरकारी निधी किंवा कंपन्यांचा सीएसआर (समाजकामासाठी काढलेला पैसा) आमच्यासारख्यांना मिळतो का? नोंदणी लागते का? कुणी केलं असेल तर सांगा.
– पूर्वभागवाली

दिवाबत्ती: ताई, दिव्यांसाठी एक रुपयाही गोळा करू नका. रस्त्यावरचे दिवे हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्येच आहे. खांबावर नंबर असेल तर तो घालून झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर 'बघतो' एवढंच ऐकायला मिळतं. नाही झालं तर लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, अर्ज टाका. आणि कारखान्याची इमारत पडायला आली असेल तर कलम २६४ खाली मालकाला नोटीस काढता येते, तेही त्याच अर्जात लिहा.

चादरवाला: कॅमेऱ्यानं काय होतंय बे? आमच्या चौकात बसवले, पहिल्याच महिन्यात वायर तोडली. डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) कुणाच्या घरात ठेवायचा यावरून दोन घरांत अबोला. आता नुसते डबे लटकलेत.

हिशेबनीस: चादरवाल्यांचा मुद्दा कडू असला तरी पैशाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. बसवायला पैसे देणारे भेटतात. वीज, इंटरनेट, दुरुस्तीला कुणी देत नाही. आमदार-खासदार निधीतूनही वस्तू किंवा बांधकाम होतं, चालवायचा खर्च नाही. म्हणून कॅमेरे पोलिसांमार्फत मागा. पोलीस आयुक्तालयाकडून प्रस्ताव गेला तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होऊ शकतं, आणि देखभाल तुमच्या गळ्यात पडत नाही.

सीएसआरचं सांगतो. कंपनी कायद्याच्या निकषात बसणाऱ्या मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. पण ती जिच्यामार्फत काम करून घेते त्या संस्थेला १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडची), सीएसआर-१ (कंपनी खात्याकडची) नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तुम्ही आज सात जणी मिळून संस्था नोंदवलीत तरी लगेच पात्र होत नाही. त्यापेक्षा शहरातल्या जुन्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या. आणि अर्ज कॅमेऱ्यांसाठी नको, अभ्यासिकेसाठी करा. शिक्षण, महिला सक्षमीकरण हे विषय सीएसआरच्या यादीत सरळ आहेत.

वर्गणी काढणारच असाल तर धर्मादाय कार्यालयातून वर्गणीसाठीची परवानगी (सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१क) घ्या. पैसे कुणा एकीच्या खात्यात ठेवू नका. भांडण तिथूनच सुरू होतं.

पूर्वभागवाली: दिव्यांचं माहीतच नव्हतं, आम्ही खांबाचाही खर्च धरून बसलो होतो. हिशेबनीस दादा, गटाचं बँकेत खातं आहे, त्यात वर्गणी टाकली तर चालेल का?

हिशेबनीस: नको. ते सभासदांच्या बचतीचं आणि कर्जाचं खातं आहे. दोन्ही पैसे मिसळले की बँकेला आणि सभासदांना, दोघांनाही उत्तर देत बसाल.

निवृत्त खाकी: मी खात्यात होतो, म्हणून दोन गोष्टी. नाव द्यायची भीती खरी आहे, त्यामुळे एकटीनं देऊच नका. तीस-चाळीस सह्यांचं निवेदन ठाण्यात द्या, प्रत आयुक्तालयात. उघड्यावर दारू, अश्लील वर्तन, दमदाटी यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आणि दारूबंदी कायद्यात कारवाई आहे. नेहमीच त्रास देणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो, पुढे तडीपारीही होते. पण त्यासाठी कागद लागतो. नुसत्या फोनवर प्रस्ताव तयार होत नाही. पोरी सांगायला तयार असतील तर दामिनी पथकाला (पोलिसांचं महिलांच्या सुरक्षेचं पथक) क्लास सुटायच्या वेळी फेरी मागा.

दुसरं, पोरांचं. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी भिवंडीत मोहल्ला कमिट्या केल्या, त्यात साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसायचे. १९९२-९३ ला दंगलींत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याच जिल्ह्यात २०२१ ला तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते मॅडमनी ऑपरेशन परिवर्तन केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर धाडी तर टाकल्याच, पण लोकांना दुसरा कामधंदा मिळावा म्हणून पोलीस मागं लागले. तुमच्या पंधरातले तलवारवाले दोन-तीन असतील, त्यांचं पोलिसांवर सोडा. बाकीच्यांना काम नाही म्हणून ते कट्ट्यावर आहेत.

चादरवाला: खाकी साहेब, त्या बाकीच्यांना अभ्यासिकेत कोण बोलवणार? ते पुस्तक बघूनच पळतील.

पूर्वभागवाली: त्यातला एक माझ्या नणंदेचा मुलगा आहे. तो अभ्यासाला बसणार नाही हे मलाही माहीत आहे. पण समाजमंदिराचं कुलूप रोज उघडायचं-लावायचं काम कुणाला तरी द्यायचंच आहे, तो करेल का ते विचारते. भावी नगरसेवकांना सध्या 'बैठक घेऊन कळवतो' म्हटलंय.

निवेदनाच्या सह्या बायकांच्या येत्या बैठकीत सुरू करणार आहोत. खाकी साहेब, निवेदनात कट्ट्यावरच्यांची नावं लिहायची की नुसती जागा आणि वेळ? आणि समाजमंदिर महापालिकेचं आहे, ते संध्याकाळी वापरायची परवानगी कुठल्या खात्याकडे मागायची, हे कुणी सांगेल का?