जुनं घर न पाडता वाढवलं? तुमचे अनुभव सांगा

आमचं गुहागरकडचं घर आजोबांनी 1958 साली बांधलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, मागची पडवी. संडास-न्हाणी मात्र आवारात लांब. आईचे गुडघे गेले आणि भर पावसात रात्री तिला छत्री-बॅटरी घेऊन जाताना बघवेना. सगळे म्हणाले, पाडा आणि स्लॅब टाका. मन होईना. दोन खोल्या आणि आत बाथरूम वाढवायचं ठरवलं. तुम्हीही असं काम केलं असेल तर लिहा, विशेषतः काय चुकलं ते. सुरुवात मी करते.

मला वाटलं होतं, पडवीचं छप्पर तसंच आठ फूट पुढे न्यायचं. सुतारकाकांनी दोरी धरून दाखवलं. उतार साधारण तीस अंशांचा, म्हणजे आठ फुटांना छप्पर साडेचार फूट खाली येणार. वळचण आधीच सात फुटांवर! शेवटी नव्या खोल्यांना वेगळं छप्पर केलं आणि दोन्हींच्या मध्ये पन्हळ टाकली. ती सहा इंचांची ठेवली, ही माझी चूक. पहिल्याच जूनमध्ये आंब्याची पानं अडकली आणि पाणी थेट माजघरात. पुढच्या वर्षी फूटभर रुंद करून घेतली.

आणखी एक. ऐनाच्या तुळया मधे ठणठणीत वाजत होत्या, पण भिंतीत शिरलेल्या टोकाला पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. सगळी वाळवी. कौलं उतरवलीत की टोकं आधी बघा.

औसा, जि. लातूर
आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. गळलं की वर पांढरी माती टाकायची, हे वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं. उकरून पाहिलं तर थर दीड हात भरला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमच्या भागात माणसं याच ओझ्याखाली आणि दगड-मातीच्या भिंतींखाली दबली. तेव्हा मी दहावीत होतो. ती पहाट अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून खोल्या वाढवायच्या आधी सगळी माती उतरवली, भिंतींच्या माथ्यावरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला आणि वर पत्रे घातले. उन्हाळ्यात तापतं, आई अजून बोलून दाखवते. पण लेकरं आत झोपलेली असताना मला घोर नसतो.

पुणे
1974 चा बंगला, मुलासाठी वर मजला हवा होता. ठेकेदार म्हणाला, सहज चढेल. स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी आधी भिंतीलगत खड्डा घ्यायला लावला. पाया जेमतेम दोन फूट खोल निघाला, त्यावर नऊ इंची विटांची भिंत. वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र पायाचे नवे कॉलम उभे करावे लागले, त्यात खालच्या दोन खोल्यांचे कोपरे गेले. त्या एका खड्ड्यानं आमचं घर वाचलं असं मी मानतो. जुने लोखंडी पाइप कापले तेव्हा आत गंजानं पेन्सिलीएवढंच भोक उरलं होतं, तेही त्याच वेळी बदलले.

नाशिक
वाड्याच्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. सगळं खरवडून पुन्हा चुना लावला. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला चार महिने गेले.

गुहागरच्या ताईंना, सावंतवाडीहून
पन्हळीखाली पत्रा दोन्ही बाजूंना कौलांच्या आत किती घेतलात? आमचंही पडवीचं काम दिवाळीनंतर काढतोय.

गुहागर
आधी चार इंच होता, जोराच्या पावसात पाणी उलटं चढायचं. आता नऊ इंच आत घेतलाय आणि कडा वर मुडपून घेतल्यात. वर चढून पानं काढता येतील एवढी जागाही ठेवा.