प्रतिसाद: जेरेमी मूर म्हणजे फक्त शरणागतीची सही नव्हे

वर एकांनी लिहिलंय की फॉकलंड बेटांची लढाई (१९८२, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना) ब्रिटिशांच्या ब्रिगेडियर ज्युलियन थॉम्पसननी जिंकली आणि त्यांचे वरिष्ठ मेजर जनरल मूर अर्जेंटिनाच्या शरणागतीच्या सहीपुरते आले. अर्धं मान्य. २१ मे १९८२ ला बेटांवर सान कार्लोसला सैन्य उतरवलं थॉम्पसननी. मूर तेव्हा बोटीवरच होते, ते पोचले महिनाअखेरीस. त्यांच्या हाताखाली ८ जूनला फिट्झरॉयजवळ जहाजांवर बॉम्ब पडून भीषण हानी झाली, हेही खरं.

पण माणूस तोलायचा तर १९६२ च्या डिसेंबरात जायला हवं. ब्रुनेईच्या बंडात लिंबांग गावात बंडखोरांनी ब्रिटिश रेसिडेंट (तिथले प्रशासकीय अधिकारी), त्यांची पत्नी आणि इतरांना ओलीस धरलं होतं. कॅप्टन मूर रॉयल मरीन्सच्या ४२ कमांडो या तुकडीची एक कंपनी दोन मालवाहू तराफ्यांवर चढवून रात्री नदीतून निघाले आणि पहाटे थेट गोळीबारात किनाऱ्याला लागले. ओलीस सुटले, पाच मरीन गेले. मलायात मिळालेल्या मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाला इथे दुसऱ्याची जोड मिळाली. त्या तराफ्यांची नौदलाची बाजू सांभाळणारे जेरेमी ब्लॅक वीस वर्षांनी फॉकलंडला 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू जहाजाचे कप्तान होते. मला हा योग फार विलक्षण वाटतो.

आणि ती सहीसुद्धा किरकोळ नव्हती. १४ जून १९८२ च्या रात्री अर्जेंटिनाचे बेटांवरचे सेनाप्रमुख मेनेंदेझ यांनी शरणागतीच्या मसुद्यातला 'बिनशर्त' हा शब्द खोडला, मूरनी तो खोडू दिला. त्या शब्दावर अडून बसले असते तर थंडीत आणखी पोरं मेली असती. मला तरी हाच त्यांचा सर्वात मोठा निर्णय वाटतो.