गोळी सकाळची, पेग रात्रीचा

"गोळी सकाळीच घेतली होती, मग रात्री दोन पेग घेतले तर काय बिघडलं?" असं डायझेपाम ही झोपेची, घबराटीवरची गोळी घेणाऱ्या एकाने विचारलंय. बिघडतं. डायझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण २० ते ५० तास लागतात, म्हणजे सकाळची गोळी रात्री अंगात असतेच. ही गोळी आणि दारू दोन्ही मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या एकाच यंत्रणेचा ब्रेक दाबतात. माणूस गाढ झोपलाय असं घरच्यांना वाटतं, पण घोरणं जड होतं, श्वास मंदावतो. हलवूनही जागा होत नसेल तर 'झोपू दे' म्हणू नका, कुशीवर वळवा आणि ताबडतोब अॅम्ब्युलन्स बोलवा.

दारूवर सगळेच बोलतात, खोकल्याच्या औषधाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात कोडीन असलं, किंवा पाठदुखीसाठी ट्रामाडोल चालू असलं (दोन्ही अफूच्या जातीची औषधं), तरी धोका तोच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ साली अशी गोळी आणि अफूच्या जातीचं औषध या जोडीबद्दल सर्वात कडक इशारा छापायला लावला. डायझेपामच्याच जातीच्या अल्प्राझोलामसोबत बुरशीवरचं इट्राकोनाझोल तर चालतच नाही, गोळीचा निचराच अडतो. (त्वचेच्या डॉक्टरांना आपण झोपेच्या गोळीबद्दल कशाला सांगतो!)

आणि हे वाचून घाबरून गोळी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्या.