न्यूटन आज आला तर मोबाइल बघून थक्क होईल?

धूमकेतू: "न्यूटन आज आला तर मोबाइल बघून तोंडात बोट घालेल आणि म्हणेल, आता शोधायला काही उरलं नाही." ही पोस्ट सगळीकडे फिरते आहे आणि मला तिचा मनापासून राग आलाय. लोलकातून प्रकाश फोडून तपासणारा माणूस झगमगता पडदा बघून हरखेल? तो आधी विचारेल, गुरुत्वाकर्षणाचं कारण सापडलं का? त्याचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७चा. त्यात नियम होता, कारण नव्हतं, आणि हे त्याला बोचत होतं. मध्ये काहीच नसताना एक वस्तू दुसरीला दुरून ओढते, ही कल्पना त्याने बेंटली या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात निखालस असंबद्ध ठरवली आहे. आइन्स्टाइनची १९१५ची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं हातात दिलीत तर महिनोन्‌महिने खोलीबाहेर येणार नाही तो.

अर्धवर्तुळ: थक्क होण्यात कमीपणा कसला? १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर यानं गुरूजवळून वेग घेत पुढे गेली, ती त्याच्याच यांत्रिकीवर. ते बघून त्याला आनंद होणारच.

धूमकेतू: होईल, मान्य. पण मोबाइलचं काय? जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावीच लागते. म्हणजे सगळीकडे सारखा वाहणारा त्याचा निरपेक्ष काळ त्या यंत्रातच खोटा ठरलाय. तो वाद घालेल!

लसावि: तुम्ही दोघंही त्याला साधुपुरुष करताय. जर्मन गणिती लायब्निझचं काय? कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या दराचं गणित, कोणाचं हे ठरवायला १७१२ साली रॉयल सोसायटीची समिती बसली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन, समितीचा अहवालही त्यानेच लिहिला, वर त्या अहवालाचं निनावी परीक्षणही त्याचंच. माझ्या मार्गदर्शकाने माझी आकडेमोड स्वतःच्या नावावर छापली होती, त्यामुळे असल्या थोरवीचं मला कौतुक नाही. तो आला तर पहिल्यांदा पाठ्यपुस्तकात कोणाची चिन्हं आहेत ते बघेल.

अर्धवर्तुळ: तुमच्या मार्गदर्शकाचा हिशोब न्यूटनकडून का वसूल करताय? १६६५-६६ मध्येच त्याने ते गणित उभं केलं होतं. बदलाचा दर दाखवायला अक्षरावर द्यायचे त्याचे टिंब यांत्रिकीत अजून वापरतात.

लसावि: उभं केलं आणि दाबून ठेवलं! लायब्निझने १६८४ मध्ये छापलं. स्वतंत्रपणे केलं होतं हे आज इतिहासकार मानतात, त्या माणसाला मात्र चोर ठरवलं गेलं. ज्याचं काम गेलंय त्यालाच हे कळतं.

धूमकेतू: अन्याय झाला, नाही म्हणत नाही. पण धागा प्रगतीबद्दल आहे. २०१५ मध्ये गुरुत्वलहरी, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणाऱ्या अवकाश-काळातल्या लहरी, पकडल्या, त्याबद्दल बोला ना.

लसावि: बरं, त्या लहरींपुरतं तुमचं खरं. त्यापुढे तो मोबाइलकडे ढुंकूनही बघणार नाही. पण त्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त लेखकांची नावं आहेत. श्रेयासाठी इतकी वर्षं भांडलेल्या माणसाला ती यादी पचेल?

अर्धवर्तुळ: नाही पचणार. तरी निबंध मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल.