मदत हवी आहे: पोराला शिगेला (रक्ताचे जुलाब करणारा जंतू) निघालंय, सासूबाईंच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरचं काय करू?

नमस्कार, मी सोलापूरची, अक्कलकोट रोडला राहते. मुलगा ५ वर्षांचा. मागच्या रविवारी रात्री एकदम ताप भरला आणि पहाटेपर्यंत दहाबारा वेळा संडासला गेला, आधी नुसतं पाणी, मग आव आणि रक्त, आणि पोरगं नुसतं कुंथत बसलेलं, होत पण नव्हतं आणि उठत पण नव्हतं. शेजारच्या काकूंनी जुलाब बंद व्हायची गोळी आणून दिली, नशीब मी दिली नाही, डॉक्टर म्हणाले रक्त पडतंय तेव्हा ती द्यायचीच नाही. संडास कल्चरला (कुठला जंतू आहे ते वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवलं, तीन दिवसांनी शिगेला आलं. आधीचं अँटिबायोटिक त्या जंतूवर चालत नव्हतं म्हणून रिपोर्ट बघून बदललं. आता ताप नाही, ओआरएस आणि झिंक चालू आहे, काल दोनदाच गेला, खिचडी मागून खातोय.

खरी अडचण पुढे आहे. सासूबाई घरी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकतात, सोमवारी २०० भाकऱ्यांची ऑर्डर आहे आणि कालपासून त्यांच्या पण पोटात मुरडा येतोय. मला सांगितलं नाही ओ, बादलीच्या आवाजावरून कळलं. म्हणतात भाकरी तव्यावर भाजते, जंतू राहतोय कुठं. त्यात पाणी चार-पाच दिवसाआड, एकाच बॅरलमध्ये सगळे तांब्या बुडवतात. ऑर्डर करू द्यावी का? पोराला शाळेत कधी पाठवू?

प्रतिसाद १
ताई, मी नर्स आहे, डॉक्टर नाही. तव्यावर जंतू मरतो हे सासूबाईंचं बरोबर आहे पण भाजल्यावर भाकरी वाळवायची, चळत लावायची, पॅक करायची ती हातानंच ना? आणि चटणी तर कुटल्यावर परत चुलीवर जात नाही. शिगेलाचे १०-१०० जंतू पोटात गेले तरी आजार होतो, म्हणून घरात पटकन पसरतो. जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत त्यांनी दुसऱ्यासाठी काही करू नये, पोराला पण तेवढंच थांबवा. विकायचा धंदा आहे म्हणून त्यांची पण तपासणी करा आणि परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बरं वाटल्यावर पण एक ते चार आठवडे संडासातून जंतू जाऊ शकतो, म्हणजे साबण आणि नखं विसरायची नाहीत. झिंक १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले म्हणून मधेच बंद करू नका. पोराला झटका आला, सुस्त पडला किंवा लघवी कमी झाली तर सरळ दवाखाना.

प्रतिसाद २
बॅरलला खाली तोटी बसवून घ्या. तोपर्यंत लांब दांड्याचं ओगराळं, प्यायचं पाणी उकळून. आमच्याकडं दोघं एकापाठोपाठ आडवे झाले तेव्हा अक्कल आली.

धागाकर्ती
सगळं वाचून दाखवलं. आधी चिडल्या, माझ्या हातावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही म्हणून. मग तासाभरानं स्वतःच नेलकटर मागितलं आणि म्हणाल्या चल दवाखान्यात. ऑर्डर गल्लीतल्या मावशींना दिली, चटणीची रीत मात्र सांगणार नाही म्हणाल्या.